निस्तरायचा राहिलेला शब्द

युसूफ गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळीच त्याचा जुना, केस काळे असतानाचा फोटो आला आणि खाली ओळ : ‘हृदयरोगावरील औषधाचे जनक, कोल्हारचे सुपुत्र डॉ. युसूफभाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ मला आधी रडू यायला हवं होतं. पण नजर ‘जनक’वर अडकली, कारण त्या शब्दाचा जनक मी. पुण्याला पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. त्याच्या थोरल्या मुलीनं हाताला धरून बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, “काका, अब्बा म्हणायचे, दत्तूकडे माझं एक काम राहिलंय.” कोणतं, ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं...

कोल्हारला स्टँडच्या मागे त्याच्या वडिलांची, चाँदचाचांची, फवारणीचे पंप दुरुस्त करायची पत्र्याची टपरी होती. पंपाच्या नळीच्या टोकाला पितळेचं छोटं नोझल असतं, त्याच्या भोकातून फवारा उडतो. ते तुंबलं की चाचा सरळ ओठांत धरून फुंकायचे, थुंकायचे आणि पुढचा पंप ओढायचे. सगळा गाव तसंच करायचा. मीही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला लागल्यापासून युसूफ ओरडायचा, “अब्बा, तोंडाला लावू नका, विष आहे ते!” चाचांचं उत्तर ठरलेलं : “इख न्हाई रं, औशध हाय. आन् औशध लई भारी आसून काय उपेग? पोचलं पायजे. नोझल तुंबलं की समदं वाया.” ओठ चुरचुरतात हे मात्र ते कबूल करायचे. त्यावर उपाय म्हणून वर चहा.

आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं. त्यामुळे युसूफ पीएच.डी.ला लागला आणि त्याची आई “पोरगा औशधावर शिकतोय” असं सांगत सुटली, तेव्हा त्याच्या प्रत्येक सुट्टीत टपरीसमोर गुडघेदुखी आणि खोकला रांग लावू लागले. “मावशी, माझं औषध अळीचं आहे,” तो एका म्हातारीला समजावत होता. ती म्हणाली, “आळी मरती, मंग गुडघा काय तिच्यापरीस आवघड हाय व्हय?” खरं तर त्याच्या अळ्या मरत नव्हत्या, आणि तोच त्याचा विषय होता. अळीचं शरीर पोटात गेलेलं कीटकनाशक कसं मोडून टाकतं, आणि गेल्या वर्षी तिला मारणारं औषध यंदा ती पचवून का बसते, हे शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. कोबीवरच्या अळ्यांबद्दल तो इतक्या आदरानं बोलायचा, की आमच्या मुख्याध्यापकांबद्दल मी कुणाला तसं बोलताना ऐकलं नाही.

पुढे तो हृदयाच्या औषधांकडे वळला. लोकांना वाटलं, बढती झाली. त्याच्या मते विषय तोच होता. गोळी आधी यकृतात जाते, यकृत तिचा बराच भाग मोडून टाकतं, हृदयाच्या वाट्याला उरतं थोडं. “दत्तू, विष मोडायची यंत्रणा अळीची आणि माणसाची एकाच खानदानातली. फरक इतकाच, अळी सत्कार घेत नाही.” औषध चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळून थेट तुंबलेल्या रक्तवाहिनीपाशी उघडायचं, असा त्याचा प्रयत्न होता. सशांमध्ये ते जमलं. माणसांमध्ये नाही. एसटी चुकली हे जसं सांगावं, तसं त्यानं मला ते सांगितलं आणि का जमलं नाही याचा सविस्तर निबंध छापला. “पुढच्याला कळायला नको, की हा रस्ता बंद आहे?”

तो निवृत्त झाला तेव्हा शाळेनं सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा आणि अकरा वक्ते. त्यांतला पहिला मी, मराठीचा मास्तर. ‘हृदयरोगावरील औषधाचे जनक’ हे मी तिथं म्हणालो. वाक्याला वजन हवं होतं, दुसरं कारण नाही. टाळ्या झाल्या. युसूफ उठला. “दोन मुली सोडल्या तर मी कशाचाही जनक नाही. माझं एकही औषध बाजारात नाही.” लोक विनय समजून हसले. मग त्यानं फेटा काढून ठेवला आणि विचारलं, “नोझल अजून तोंडानं कोण फुंकतं?” निम्मे हात वर. त्यानं खिशातून जुना टूथब्रश काढला. “हा पंपाला सुतळीनं बांधा. यानं घासा. माझे अब्बा फुंकायचे, मला ते शेवटपर्यंत थांबवता आलं नाही.” सभा पुन्हा हसली. चहाच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाषेचा मास्तर तू. तुझा शब्द लोक खरा धरतात. निस्तर तो.” निस्तरतो म्हणालो. निस्तरला नाही.

आणि आता शाळेच्या प्रयोगशाळेवर त्याच्या नावाचा फलक लागणार होता. मजकूर अर्थातच माझा, तोच ‘जनक’. मंडळाचा अध्यक्ष बाळासाहेब आमच्याच वर्गातला. त्याच्या घरी गेलो.

“आरं मास्तर, गेलेल्या मानसाचं चार शब्द जास्तच बोलत्यात. कुनाचं काय बिघडतंय?”

“त्याचं बिघडतं. त्यानं आयुष्यात एकही न झालेली गोष्ट झाली म्हणून लिहिली नाही. ते मी लिहिलं.”

“मंग लिहायचं काय?”

मी कागद पुढे केला : ‘डॉ. युसूफ. पिकांवरच्या किडींचा आणि हृदयाच्या औषधांचा आयुष्यभर अभ्यास केला.’

“येवढंच?”

“एवढंच झालंय, बाळ्या.”

त्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पेंटरला फोन लावला. “ते जनक खोड. हा, समदंच खोड. नवं देतो.” माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. निघताना ओट्याच्या कडेला त्याचा फवारणीचा पंप दिसला, डाळिंबावर औषध मारून नुकताच धुऊन ठेवलेला. पट्ट्याला सुतळी, सुतळीला केस झडलेला हिरवा टूथब्रश.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“सत्काराच्या दुसऱ्या दिवसापास्नं. आमच्या आळीत समद्यांच्याच पंपाला हाय.” बाळासाहेबानं वाकून ब्रशावरचं पाणी झटकलं. “युसूफचं औशध हाय ते.”