बांबूचं वाढं

गोठ्यात आमची एकच गाय होती. तिच्याच दुधावर माझं शिरूरचं शेतकी कॉलेज झालं. घरातला पहिला पदवीधर झालो, त्यात तिचा वाटा मोठा.

त्या हिवाळ्यात नदीकाठचा ऊस लवकर तुटून गेला. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा चारा, कुठंच मिळेना. गाय सात महिन्यांची गाभण आणि पुढ्यात नुसता कोरडा कडबा. मी पुण्याहून वडिलांना फोन केला.

"आप्पा, बांधावरच्या बांबूचा पाला घाला. थंडीतही हिरवा राहतो. कडब्यापेक्षा प्रथिनं जास्त असतात त्यात."

"हत्ती पाळलाय व्हय रं म्या?" ते हसले. मग म्हणाले, "बरं. तू शिकलेला हायस. घालतो."

आठवडाभर त्यांनी पानं ओरबाडून कडब्यात मिसळली. गाय आवडीनं खाते, अंगावर तकाकी आलीय, असं आई फोनवर सांगायची. मला अभिमान वाटला.

रविवारी घरी गेलो तर गाय आडवी पडलेली. तोंडाला फेस, पाय झाडत होती. डॉक्टर माझ्याआधीच आले होते. इंजेक्शन देऊन झालं होतं, पण उशीर झाला होता. माझ्यासमोरच तिचा श्वास थांबला.

गव्हाणीत पानं थोडी आणि कोंबच जास्त होते. त्या सकाळी आप्पांनी उसाचं वाढं छाटतात तसे बांबूचे शेंडे छाटले होते. पाटाच्या ओलीवर बुडाशी फुटलेले कोंबही घेतले होते. गाभणीला कोवळं घालायचं, ही आमच्याकडची रीत.

डॉक्टर कोंब हातात घेऊन म्हणाले, "किरळ लागली."

कोवळ्या ज्वारीतल्या विषाला आमच्याकडं किरळ म्हणतात. लहान पोरही त्या ज्वारीत जनावर शिरू देत नाही.

आप्पांनी डॉक्टरांना नाही, मला विचारलं, "किरळ बांबूलाबी असती व्हय रं?"

"पानात फारशी न्हाई. कोंबात असती."

"तुला ठाव हुतं?"

कॉलेजच्या पुस्तकात बांबूच्या प्रथिनांच्याच पानावर ते होतं. परीक्षेत मी त्या विषाचं शास्त्रीय नाव बिनचूक लिहिलं होतं. फोनवर मात्र 'किरळ' हा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

"व्हय, आप्पा."

त्यांनी गाईच्या गळ्यातलं दावं सोडलं, झटकलं, खुंटीला अडकवलं. मग आईला म्हणाले, "त्याला जेवाय वाढ. लांबनं आलाय."