हरेशच्या महाधमनीचा काप

आमच्या लॅबच्या डॉक्टर सबनीस मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि स्लाइड काढून माझ्यापुढे ठेवली. "पाटकर, स्टेन जास्त धुतला गेलाय. धागे दिसतच नाहीयेत. परत करा."

मी स्लाइड उचलली. या कामात मला तेव्हा बावीस वर्षं झाली होती आणि इलास्टिक स्टेन, म्हणजे कापातले लवचीक धागे काळे उठवणारा रंग, हा माझ्या हातचा, असं लॅबमध्ये सगळेच मानायचे. पण स्लाइडमध्ये धागे नव्हते, हेही खरं होतं.

आधी माझं काम काय ते सांगतो. मी हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीतून आमच्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढायचे, काप पाण्यावर सोडून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. एक काप पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. रक्तातली लाल पेशीसुद्धा त्याहून रुंद असते. काप काचेवर घेताना आम्ही श्वास रोखून धरतो, कारण नुसत्या उच्छ्वासानं तो गुंडाळला जातो. रिपोर्ट डॉक्टर देतात. पेशंट आम्हाला दिसत नाही. आम्हाला बाटलीवरचा नंबर दिसतो.

आमची लॅब पनवेलमध्ये, मुख्यतः संशोधनासाठी चालणारी. २००० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. वर्षानुवर्षं ब्लडप्रेशर वाढलेलं राहिलं की महाधमनीच्या भिंतीचं काय होतं, असा मॅडमचा प्रोजेक्ट होता. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. मुंबईच्या दोन-तीन हॉस्पिटलांतून, जिथे या रक्तवाहिनीची ऑपरेशनं होत, तिथून तुकडे आमच्याकडे यायचे.

निरोगी महाधमनी इलास्टिक स्टेनमध्ये मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा किती तरी वेळ खुर्चीतून उठलो नव्हतो. पिवळ्या-लाल जमिनीवर काळ्याभोर लाटा, एकीखाली एक, पन्नास-साठ ओळी. हे स्थितिस्थापक धागे. हृदयाचा ठोका पडला की ताणायचे, लगेच पूर्ववत व्हायचे. दिवसाला साधारण लाख वेळा. आणि गंमत अशी, की हे धागे शरीर लहानपणीच विणून ठेवतं. नंतर नवे जवळजवळ विणलेच जात नाहीत. सत्तरीच्या माणसाच्या छातीत त्याच्या पाळण्यातल्या दिवसांचे धागे काम करत असतात. इतक्या वर्षांत असे हजारो काप मी रंगवले, पण ही लाट दिसली की हात अजूनही क्षणभर थांबतो.

तर मॅडमनी परत दिलेल्या त्या स्लाइडमध्ये, म्हणजे हरेशच्या (नाव मला नंतर फॉर्मवरून कळलं), ही लाटच नव्हती. काळे तुकडे इकडे-तिकडे विखुरलेले, मध्ये मोठमोठ्या रिकाम्या जागा.

या स्टेनमध्ये आधी सगळा काप काळा करून घेतात. मग एका द्रावणात जादा रंग धुवायचा आणि मधून मधून मायक्रोस्कोपखाली बघत नेमक्या क्षणी थांबायचं. थोडं जास्त धुतलं की धागेही पुसले जातात. म्हणून मॅडमचा संशय रास्त होता. शिवाय त्या बॅचला मी कंट्रोल लावली नव्हती. कंट्रोल म्हणजे निरोगी माणसाच्या महाधमनीचा काप, जो सोबतच रंगवायचा. तो नीट आला तर स्टेन नीट आहे. कंट्रोलचा ब्लॉक संपत आला होता, म्हणून मी काटकसर केली. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी हरेशचा काप आणि कंट्रोल एकाच रॅकमध्ये बुडवले. एकच रंग, एकच वेळ. कंट्रोलमध्ये लाटा स्वच्छ उमटल्या. हरेशच्या कापात तेच विखुरलेले तुकडे.

मॅडम तेवढ्यावर थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाचा ब्लॉक करा म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला घड्याळ घेऊन स्वतः माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. चित्र बदललं नाही. उलट या कापात ती भेगही आली, जिथून भिंत फाटली होती. धाग्यांच्या तुटक्या थरांमध्ये लाल पेशी खच्चून शिरल्या होत्या. नळीच्या आतून वाहायच्या पेशी नळीच्या भिंतीत. त्या माणसाला त्या दिवशी काय झालं असेल, ते त्या एका जागी दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, "पाटकर, तुमचा हात चुकला नाही. याची भिंतच अशी होती. हे प्रेशरचं काम नाही."

मग त्यांनी फॉर्म मागवला. वय छत्तीस. निदान : ब्लडप्रेशरमुळे महाधमनी फाटली. फॅमिली हिस्टरीच्या रकान्यात 'नाही'. पत्ता पाहून मी चमकलो. उरणच्या रस्त्यावरचं गाव, आमच्या लॅबपासून फार तर अर्धा तास.

मॅडमनी मला समजावून सांगितलं ते असं. धागे एकत्र धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. काही घराण्यांत ते जन्मापासूनच सदोष बनतं. अशी माणसं बहुधा उंच, सडपातळ, लांब बोटांची असतात. हळूहळू महाधमनी फुगत जाते आणि एक दिवस फाटते. तोवर काही दुखत नाही. फाटल्यावर वेदनेनं प्रेशर वाढलेलंच असणार, म्हणून ब्लडप्रेशर लिहिलं गेलं. दोष आईबापांकडून मुलांकडे जातो, दोनांत एक अशा हिशोबानं.

त्यांनी मुंबईला सर्जनना फोन लावला. हरेश ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेला होता. सर्जननी सगळं ऐकून घेतलं आणि नातेवाइकांना शोधायला हवं, हे मान्य केलं. पण फाइलमधला मोबाइल बंद लागत होता. मॅडमनी फोन ठेवला आणि मला विचारलं, तुम्हाला ते गाव माहीत आहे ना. मी हो म्हटलं.

शनिवारी आम्ही दोघं रिक्षानं गेलो. बावीस वर्षांत मी प्रथमच एखाद्या बाटलीच्या घरी चाललो होतो.

घरात हरेशचं तेरावं नुकतंच झालं होतं. आई बुटकी, डोळ्यांनी अधू. मॅडमनी हळुवारपणे विचारलं, घरात आणखी कुणी असं अचानक गेलं होतं का. म्हातारीनं लगेच सांगितलं, "त्याचा बापूस पन आसाच गेला. मिठागरावं. ऊन लागला, बोलले सगले."

फॉर्मवर 'नाही' लिहिणाऱ्यानं एवढा एक प्रश्न विचारला नव्हता.

तेवढ्यात हरेशची बहीण पाणी घेऊन बाहेर आली. सुगंधा. वय तिशीच्या आसपास, भावाच्या दिवसांसाठी माहेरी आलेली. दारातून येताना तिला मान वाकवावी लागली. गावात तिला लहानपणापासून माड म्हणायचे, हे तिनंच नंतर सांगितलं. मॅडमनी तिला जवळ बसवलं आणि अंगठा आत घेऊन मूठ वळायला सांगितली. तिनं वळली. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूनं चांगलं बाहेर आलं. आपण कुणीही करून पाहावं, सहसा येत नाही. मी तिथे बसून माझी मूठ वळून पाहिली.

पनवेलमध्येच तिची टू-डी एको केली. एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मॅडमनी मलाही आत बोलावलं. स्क्रीनवर महाधमनीची सुरुवात दिसत होती. आयुष्यभर मेलेले तुकडे कापणाऱ्या माणसानं ती प्रथमच जिवंत पाहिली. प्रत्येक ठोक्याला फुलायची, परत यायची. एरवी तिथे साधारण तीन सेंटीमीटर रुंदी असते. सुगंधाची पाचच्या वर होती. तिच्या भिंतीत आत काय असेल, ते मला ठाऊक होतं. आणि ती शांतपणे छताकडे बघत पडली होती.

ऑपरेशन करायला हवं, हे ऐकल्यावर तिनं नाही म्हटलं. नवरा तयार होता, ती नव्हती. मॅडमनी दोनदा समजावलं. तिचं उत्तर एकच होतं. "मना काय दुखत नाय, म्याडम. भाव ऑपरेशनला गेला, तो परत आला नाय."

तिच्या बाजूनं ते खरंच होतं.

मॅडम आठवडाभर अस्वस्थ होत्या. शेवटी त्यांनी मला विचारलं, तिला स्लाइड दाखवू या का. मला ते बरोबर वाटेना. भावाचा तुकडा बहिणीला दाखवायचा, तोही महिन्याच्या आत. मी तसं बोललोही. मॅडम म्हणाल्या, आपण तिला आणि आईला विचारू, नको म्हणाल्या तर विषय संपला. म्हातारी म्हणाली, बघू द्या तिला.

सुगंधा नवऱ्याबरोबर लॅबमध्ये आली. मी आधी कंट्रोल लावली. तिला एका डोळ्यानं बघायला शिकवलं, फोकस करून दिला. ती बघत राहिली. हे काय आहे, असं तिनं विचारलं. धडधाकट माणसाची शीर, म्हणून मी सांगितलं. मग स्लाइड बदलली. हे तुमच्या भावाचं, म्हटलं.

ती फार वेळ बघत होती. नवरा काहीतरी बोलायला गेला, तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. डोळा न काढता तिनं विचारलं, "यो सांधता येत नाय?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. तेवढा भाग काढून तिथे कापडाची नळी शिवतात. हरेशचं फाटल्यावर नेलं, सुगंधा. तुझं अजून फाटलेलं नाही."

ती स्टुलावरून उठली. नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चला, तारीक घ्या."

ऑपरेशन मुंबईला झालं, सहा तास चाललं. तिसऱ्या दिवशी फॉर्मलिनची बाटली माझ्या टेबलावर आली. मी काप काढला, कंट्रोल सोबत लावली. धागे तसेच तुटके होते, भेग मात्र नव्हती. भिंतीत एकही लाल पेशी शिरलेली नव्हती. मॅडमना स्लाइड दिली. ज्या माणसाचा हा काप, ते माणूस त्या क्षणी मुंबईत पेज पीत बसलेलं होतं, आणि हे मला माहीत होतं.

सुगंधा बरी झाली. थंडीत वालाच्या शेंगा घेऊन लॅबमध्ये आली. छातीला कान लावला की नळीसोबत बसवलेल्या कृत्रिम झडपेची टिकटिक ऐकू येते, असं मुलगी म्हणते, हे तिनं सांगितलं. मुलीची एको करून घेतली होती. अजून तरी नीट आहे, दर वर्षी करायची. हरेशला मूल नव्हतं.

प्रोजेक्टचा पेपर पुढे छापून आला. त्यात हरेश नाही. ब्लडप्रेशरची केस नव्हती, तेव्हा यादीतून वगळावी लागली. पेपरच्या दृष्टीनं ती बाटली, तीन दिवसांचं काम आणि संपत आलेल्या कंट्रोलचे काप, सगळं वाया गेलं.

आता मी निवृत्त आहे, पण अधूनमधून नव्या टेक्निशियनना शिकवायला जातो. स्टेन कसा धुवायचा ते हाताला सवयीनं येतं, ते फार सांगत नाही. एवढंच सांगतो, की फॉर्मवरच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'विचारलं नाही' असा असतो.