ढोकच्या सात फेऱ्या

नागपूरच्या पोस्टिंगवर रुजू झालो तेव्हा मी लेफ्टनंट कर्नल होतो, ऑर्थोपेडिक सर्जन. सकाळी सात ते दुपारी दोन हाडं जोडायची. त्यानंतर माझा खरा नाद: माणूस चालतो कसा, याचा अभ्यास. हॉस्पिटलचा व्हरांडा, दोन कॅमेरे आणि पावलाचा दाब मोजणारी एक पट्टी, एवढं मिळवायला दोन वर्षं अर्ज खरडले. मेसमध्ये बाकीचे ऑफिसर विचारत, "काय डॉक्टर, आज कोणाला चालायला शिकवलं?"

अर्जांपेक्षा जास्त वैताग जवानांचा. "चल" म्हटलं की छाती पुढे, नजर समोर, परेड सुरू.

"अरे बाबा, बाजारात जातोस तसा चाल!"

"येस सर!" आणि पुन्हा परेड. पालथ्या घड्यावर पाणी. ऑफिसरसमोर सैल चालणं त्यांना बेअदबी वाटे.

नायक सुभाष ढोक भिवापूरकडचा. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ऑपरेशन मी केलं, कृत्रिम पायही मीच बसवून घेतला. त्याला घरी बसायचं नव्हतं, युनिटमध्ये परतायचं होतं. सोमवारी नऊला त्याचा मेडिकल बोर्ड होता, तो ड्यूटीला फिट आहे की नाही ते ठरवणारा. आधीच्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, तो माझ्या पट्टीवरून चालला.

आलेख पाहून मी खुर्चीतून उठलोच. डावं-उजवं पाऊल अगदी सारखं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं.

"दुखतं का?"

"नाही साहेब. फक्त युनिटले जाऊ द्या."

नर्सिंग असिस्टंटने विचारलं, "सर, कृत्रिम पाय काढून आत बघायचं?"

"नको. आणखी फेऱ्या घे."

आणखी सहा घेतल्या. कागदावर 'चाल नॉर्मल' लिहून मी सही केली. सोमवारी बोर्डाने त्याला पास केलं.

युनिटला जाण्याआधी तो दहा दिवस रजेवर गावी गेला. नवव्या दिवशी त्याची बायको सुनंदा त्याला घेऊन आली. तो तापाने फणफणत होता. कृत्रिम पाय काढला. आत जखम सडली होती, विष रक्तात गेलं होतं. मी मांडीतून पाय कापला. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ढोक गेला.

सुनंदा माझ्या पट्टीजवळ उभी होती.

"तुमच्यासमोर ते परेड करून राहिले होते, साहेब. जखम तवापासूनच होती. घरी त भिंत धरून चालत. मले शपथ घातली होती, सांगू नको म्हणून. पण तुम्ही त डॉक्टर ना? चाल पाहिली, पाय काहून नाही पाहिला?"

जवानांवर चिडण्यात वर्षं घालवली. त्या दिवसापासून राग फक्त स्वतःचा येतो.

तोवरचे सगळे आलेख मी रद्द केले. ती परेडच होती. पुढे मी साध्या कपड्यांत कॅन्टीनसमोरच्या बाकावर बसून जवानांची चाल टिपू लागलो. आणि पाय उघडा करून पाहिल्याशिवाय कोणालाही पट्टीवर चढवलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा एकच जुना आलेख घरी आणला. नायक सुभाष ढोक. शुक्रवार, दुपारी तीन. सडत्या जखमेवर, माझ्या हुकमाने, सात फेऱ्या. एकदाही लंगडला नाही.