नेटखाली बसलेला जवाई

माझ्या सासुरवाडीत जवायाला आधी गूळपाणी देतात आणि मग ग्राउंडवर नेऊन पहिला शॉट त्याच्या छातीवर मारतात. ही तिथली रीत. मोठा साळा मारतो, गाव हसतं, मग मॅच रंगते. सासुरवाडी बोथच्या बाजूची, आमचं गाव तामसीच्या अंगाला. दोन्ही गावं व्हॉलीबॉलपायी वेडी. कापूस विकून झाला, ज्वारी घरात आली, की सासुरवाडीचं खळं झाडून पाणी मारायचं, राखेच्या रेघा ओढायच्या, सागाच्या दोन खांबांना जाळी बांधायची. पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळे रेघेला चिकटून बसायचे.

मी शूटर होतो. उडी मारली की कोपर जाळीच्या वर. हे मी सांगतो असं नाही, ज्यांनी माझे शॉट खाल्ले त्यांना विचारा. जे उरलेत त्यांना.

लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. आई एरंडाची पानं गरम करून बांधायची. तो ताप पायातून निघून छातीत जाऊन बसला हे कोणाला कळणार? लग्नानंतर दोनेक वर्षांनी आदिलाबादला एका मॅचमध्ये उडी मारली आणि खाली आल्यावर श्वासच येईना. खोकल्यात लाल दिसलं. तिथल्या डॉक्टरनं नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाला, "दिल का वॉल्व सिकुड़ गया. खेलना बंद. नमक भी कम."

मी विचारलं, "और ज्वारी का बोरा?"

"थोडा संभाल के."

ऐका आता. क्विंटलभर पोतं सांभाळून चालतं. भोपळ्याएवढाही जड नाही तो बॉल चालत नाही. तो डॉक्टर शिकलेला होता, मी चौथीतून सुटलेला. पण एवढा हिशेब मलाही येतो. पोटासाठी मेलं तर चालतं, मनासाठी मेलं तर लोक नाव ठेवतात.

आमचा कॅप्टन माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "तू बस बे बाहेर. ग्राउंडवर मेलास तं गावाचं नाव जाईल."

आठ दिवसांनी तोच दारात. "चाल रे, कापसाची गाडी भरायची हाय. माणूस कमी पडून राह्यला."

"काऊन? गाडीवर मेलो तं नाव नाई जात गावाचं?"

मी गाडी भरली. भरून झाल्यावर त्याच्याच घरून बॉल काढला आणि ग्राउंडवर जाऊन उभा राहिलो. "आता काढ मले," म्हटलं. नाही काढलं त्यानं.

पण उडी गेली ती गेली. ते मला मान्य करावं लागलं, छातीशी कोण भांडणार? मग मी मागची जागा घेतली. आमच्याकडं खेळाडू फिरत नसत, ज्याची जागा त्याची. मागं उभा राहून दुसऱ्याचा शॉट उचलायचा. मी धावत नव्हतो. समोरच्याचा खांदा पाहायचो आणि बॉल पडणार तिथं आधीच जाऊन उभा राहायचो. पाहणाऱ्याला वाटायचं बॉलच माझ्याकडं येतो. या जागेवर मी शूटर होतो त्यापेक्षा चांगला खेळलो. आजवर हे कोणी बोललं नाही, म्हणून मीच बोलतो.

दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन घ्यायला बसनं आदिलाबादला जावं लागे. बायको सोबत यायची. येताना हातात मेथीची जुडी, म्हणजे लोकांना बाजार दिसावा. तिला मी एकच बजावलं होतं, "तुह्या माहेरी कळता कामा नाई." आमच्या गावानं मला बिमार म्हटलं तर मी त्यांना शिवी देऊ शकतो. सासुरवाडीला शिवी देता येत नाही. तिथं बिमार जवाई झालो की मेलोच.

ती हो म्हणाली होती.

त्या वर्षी टीम आणि बायकोसोबत सासुरवाडीला गेलो तर सासूनं ताट वाढलं. वांग्याची भाजी अळणी. वरण अळणी. ठेच्याचं तर नावच नाही. मला वाटलं म्हातारीच्या हातून राहिलं असेल. बोललो नाही, जवायानं मीठ मागायचं नसतं. साळा समोर बसून जेवत होता, त्याच्या ताटात ठेचा होता. माझ्याकडं पाहतही नव्हता. एरवी हा माणूस मला गिळू देत नसे. "पोट भरून जेवा जवाईबुवा, मंग ग्राउंडवर आमीच रिकामं करतो." असलं काही तरी चालूच असायचं. त्या दिवशी म्हणाला, "भाऊजी, थोडा आराम करा."

आराम! त्याच्या तोंडून!

मॅच सुरू झाली. मी पाय रोवून पहिल्या शॉटची वाट पाहत उभा. साळ्यानं उडी मारली, हात वर नेला, आणि बॉल आमच्या कॅप्टनच्या पायाशी टाकला. गाव हसलं नाही. दुसरा शॉट डाव्या कोपऱ्यात. तिसरा पुन्हा कॅप्टनवर. माझ्याकडं आला तो एकच बॉल, तोही असा, की लेकराला झेल शिकवताना टाकतात ना तसा. रेघेवरच्या एकाही म्हातारीनं टोमणा मारला नाही. दरवर्षी मी वाकलो की एक चुलतसासरे ओरडायचे, "लगनात नाई वाकले जवाईबुवा, आता साऱ्या गावाले वाकून राह्यले!" ते काठीवर हनुवटी ठेवून चूप बसले होते.

तेव्हा मला ती अळणी भाजी समजली.

मी बायकांच्या घोळक्याकडं पाहिलं. बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. तिनं मान खाली घातली.

माझं डोकं असं फिरलं की सांगता येत नाही. मी चालत पुढं गेलो आणि जाळीच्या बरोबर खाली मांडी घालून बसलो.

"काय झालं? चक्कर आली काय? पाणी आणा!" धावपळ झाली.

"चक्कर नाई आली. मी रुसलो."

आमच्याकडं लग्नात नवरदेव रुसतो. शेवटच्या पंगतीला ताटावर बसून हात आवरतो, सायकल मागतो, घड्याळ मागतो. मांडवातले मोठे मनधरणी करतात आणि काही दिल्याशिवाय तो घास घेत नाही. रुसलेल्या जवायाला उठवून नेता येत नाही, त्याच्यावर आवाज चढवता येत नाही. माझ्या लग्नात बाप डोळे वटारत होता तरी मी रुसलो नव्हतो. मागून घेणं माझ्या रक्तात नाही. पण तो रुसवा माझा बाकी होता, आणि तो मी त्या दिवशी काढला.

चुलतसासरे काठी टेकत आले. रीत होती, विचारावं लागलं. "काय पाहिजे जवाईबुवा?"

"शॉट पाहिजे. मोठ्या साळ्याचा. पुऱ्या जोरानं."

साळा जाळीपलीकडं उभा. त्याचे डोळे भरले होते, त्यानं मला आणखीच राग आला. "भाऊजी, तुमच्या छातीवर माह्या बहिणीचं कुंकू हाय. माहा हात नाई उठत."

"कुंकवाचं मी अन् ते पाहून घेऊ. तुहं काम शॉट मारायचं."

"नाई मारत."

"मंग खेळा माह्या डोक्यावरून. मी इथंच हाय."

ऊन कलायला लागलं. कॅप्टन कानाशी येऊन म्हणाला, "उठ ना बे, सोयऱ्यात शोभा होऊन राह्यली." मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. शेवटी बायकोच रेघ ओलांडून आत आली. भर खळ्यावर, सगळ्या थोरांदेखत. ती पण रागातच होती, माझ्यापेक्षा जास्त.

"मार दादा," ती म्हणाली. "हे असे उठायचे नाईत. अन् हळू मारशील तं याद राख, माह्या घरी तुले पाणी नाई पाजणार."

आणि माझ्याकडं न पाहता परत गेली.

मी उठलो, माती झटकली, जागेवर गेलो. जाळीशी उंच उचललेल्या बॉलची लिफ्ट साळ्याला मिळाली. त्याचा खांदा मी पाहिला आणि समजलो, आता येतो. आला. मी हात जोडून खाली धरले, बॉल मनगटावर असा बसला की दोन्ही हात कोपरापर्यंत बधिर. उडून थेट म्हाताऱ्यांमध्ये जाऊन पडला. पॉइंट त्यांचा.

सगळे माझ्या छातीकडं पाहत होते, जसं काही तिथून धूर निघणार होता.

मग काठीवाले चुलतसासरे ओरडले, "अबे, एवढा रुसला, अन् देल्लं ते बी धरता नाई आलं!"

गाव हसलं. बायका हसल्या. साळा डोळे पुसत हसला आणि पुढचा शॉट त्यानं पुन्हा माझ्यावरच हाणला. तो मी उचलला, कॅप्टननं मारला, पॉइंट आमचा. मॅच आम्ही हरलो. हरू द्या. माझ्यावर खेळून हरवलं त्यांनी.

घरी येताना बसमध्ये बायको म्हणाली, "आई तुमच्या ताटात लोणचं वाढून राह्यली होती, मीठ चालत नाई म्हणून माह्या तोंडून निघून गेलं." नव्या कापसाची पऱ्हाटी गुडघ्याला लागेपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. तिनंही घरातलं मीठ कमीच ठेवलं.

पुढं छातीत पाणी भरायला लागलं, आडवं झोपता येईना, तेव्हा हैदराबादला सरकारी दवाखान्यात फासळ्यांमधून चिरून वॉल्व मोकळा केला. डाव्या छातीखालून पाठीपर्यंत शिलाई. एक हंगाम गप बसलो, कारण हात वर जात नव्हता. दुसऱ्या हंगामात गेलो. या वेळी रुसावं लागलं नाही. साळा जाळीपलीकडून ओरडला, "नवीन शिलाई हाय म्हणते जवाईबुवा, उसवते काय पाहू!" आणि पहिला शॉट माझ्यावर. नाही उसवली. नव्वद सालाच्या पुढंही किती तरी हंगाम मी खेळलो. त्याचाच गुडघा आधी गेला. धडधाकट माणूस माझ्या आधी बसला, हे लिहून ठेवतो.

त्याच्या जागी त्याचा पोरगा आला. कॉलेजात शिकणारा, अंगानं सशक्त. मी पाय रोवून उभा. त्यानं उडी मारली, हात वर नेला, आणि बॉल माझ्या ओंजळीत ठेवल्यासारखा टाकला. "मामाजी, तुमाले हार्टचा प्रॉब्लेम हाय ना. पप्पा बोलले नाईत, पण मले मालूम हाय."

म्हाताऱ्यांत ते काठीवाले आता नव्हते. साळा बाजेवर गुडघा लांब करून बसला होता, त्यानं पोराला हाणायला चप्पल उचलली. पण नव्या पोरांना रीतच ठाऊक नव्हती, माझ्यावर खेळायचं ते कोणाच्या मनात नव्हतं. रुसवा एकदाच काढता येतो. मी बॉल त्या पोराच्या हातात दिला आणि रेघेबाहेर आलो. पुन्हा आत गेलो नाही.

छातीनं मला कधी बाहेर काढलं नाही. छातीला दोष देणारे खोटं बोलतात.

घरी आलो तेव्हा बायकोला कळलंच होतं. तिच्या माहेरची बातमी बसच्या आधी पोचते. तिनं ताट वाढलं. मी भाजीचा घास घेतला आणि मान वर केली. भाजीत मीठ होतं, बाजूला ठेचा होता.

"खा," ती म्हणाली. "आजच्या दिवस."

मीठ जास्त झालं होतं. तसं मी तिला तोंडावर सांगितलं.