ड्रायव्हर-कंडक्टरची खोली

माझ्या पर्समध्ये विमान कंपनीचं एक सोनेरी कार्ड आहे. ते दाखवलं की विमानतळावरची लांबलचक रांग सोडून मला बाजूनं आत घेतात, माझी बॅग सगळ्यांच्या आधी पट्ट्यावर येते, आणि लाउंज नावाच्या गारेगार दालनात बसून हवं तेवढं खाता येतं. सोबत एक पाहुणा नेता येतो. हे कार्ड मी कसं टिकवलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच.

रक्ततपासणीची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत मी नोकरी करते. गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन तिथल्या लोकांना ती चालवायला शिकवायची, हे काम. राहायला सोलापुरात, आईवडिलांपाशी. म्हणजे दर वेळी आधी रेल्वेनं पुणं नाहीतर हैदराबाद गाठायचं आणि मग विमान. लोक म्हणायचे, बाई, मजा आहे तुझी. कसली डोंबलाची मजा, पाठ मोडून जायची. पण लाउंजमध्ये शिरलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? दारातली मुलगी कार्ड बघून 'या मॅडम' म्हणायची. बसड्रायव्हरच्या पोरीला असं कोण कुठं म्हणतं?

अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर लाल गाडीवर ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर एकदा दिल्लीच्या कामाला मी त्यांना बरोबर घेतलं. आई आली नाही. घाट चढतानाच तिच्या कानात दडे बसतात, विमानाचं तर नावच नको. हैदराबादच्या लाउंजमध्ये अण्णा टोपी सावरत खुर्चीच्या कडेवर बसले आणि नुसते बघत राहिले. इडल्यांची वाफ, भाताची पातेली, कॉफीचं यंत्र. मी ताट वाढून आणलं तर हात लावेनात. हे आपल्याला कोण आणि का खायला घालतंय, ते आधी सांग म्हणाले. मी म्हटलं, मी सारखी ह्यांच्या विमानानं फिरते ना, म्हणून. तसे एकदम हसले.

"आगं, ही तर डायवर-कंडक्टरची खोली की!"

मग जेवता जेवता त्यांनी मोडनिंबच्या हॉटेलाचं सांगितलं. पुण्याहून येताना त्यांची गाडी तिथं थांबायची. पॅसेंजर बाहेरच्या बाकड्यांवर, आणि ड्रायव्हर-कंडक्टरला आतल्या खोलीत, पंख्याखाली, गरम भाकरी आणि वर दही. कारण गाडी भरून गिऱ्हाईक त्यांनीच आणलेलं. तू ह्यांना काय आणून देतीस, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी मलाच आणून देते. हे त्यांना भलतंच आवडलं. दिल्ली येईपर्यंत चारदा तेच बोलून हसले.

त्या खोलीची आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी हात धुऊन आल्यावर सांगितली. आजोबा गेले त्या दिवसाची. आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, करकंबला असायचे, आणि मोडनिंबहून करकंब ते काय लांब! निरोप घेऊन माणूस हॉटेलवर आला तेव्हा अण्णा नळावर तोंड धूत होते, म्हणून निरोप कंडक्टरच्या कानावर पडला. त्यांच्यात एक रीत होती. भरलेली गाडी हातात असलेल्या ड्रायव्हरला घरची वाईट बातमी सांगायची नाही, गाडी शेवटच्या स्टँडला लागेपर्यंत नाही. कंडक्टरनं त्या दिवशी अण्णांना बळंबळं एक भाकरी जास्त खायला लावली. सोलापूरपर्यंत गप्प तिकिटं फाडत राहिला. स्टँडवर गाडी लागल्यावर आधी अण्णांच्या हातातली चावी काढून घेतली आणि मग सांगितलं. मी अण्णांना म्हटलं, तुम्हाला राग नाही आला त्यांचा?

"राग कशाचा? चाळीस माणसं होती की गाडीत."

तो कंडक्टर पुढे आमच्याच गल्लीत राहायला आला आणि घरचाच झाला. मी त्यांना काका म्हणते.

दिल्लीहून आल्यावर अण्णांचं एकच सुरू झालं, परत कवा जायाचं? मी म्हणायची, दिवाळीनंतर जाऊ की. दिवाळी गेली, संक्रांत गेली, माझी कामं काही संपेनात. फेब्रुवारीत त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखाना झाला, घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, जपा.

आता ह्या कार्डाचं असं असतं, की वर्षभरात ठरावीक वेळा उडावं लागतं. नाहीतर मार्चअखेर सोनेरीचं चंदेरी होतं, आणि चंदेरीवर पाहुणा नेता येत नाही. अण्णांच्या आजारपणात माझे दौरे रद्द झाले होते. दोन उड्डाणं कमी पडत होती. मी काय करावं? हैदराबादहून बंगळूर आणि लगेच परत, असं तिकीट काढलं. बंगळुरात मला काडीचं काम नव्हतं. अण्णा बरे झाले की त्यांना परत न्यायचंय, त्यासाठी हे, असं मी स्वतःला सांगत होते. ते थोडं खरंही होतं. पण ते 'या मॅडम' जाईल ही धास्तीही होती, आणि ती किती होती हे बघायला मी अजून धजत नाही.

आदल्या दिवशी निघताना अण्णांनी माझा हात धरला. हाताला जोर नव्हता.

"डूटी बदलून मिळंल का बघ की."

मी म्हटलं, नाही मिळणार अण्णा, मार्चएंड आहे. जीभ कशी झडली नाही माझी, कोण जाणे. त्यांनी लगेच हात सोडला. "डूटी असंल तर जा," म्हणाले, "डूटी चुकवू नगं." त्या माणसानं उभ्या नोकरीत एक खोटी रजा टाकली नव्हती. मी ड्यूटी म्हटल्यावर त्यांचा विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंगळूरच्या लाउंजमध्ये परतीच्या विमानाची वाट बघत बसले होते. डोशाच्या तव्याचा फोटो काढला, अण्णांना दाखवायला. घरी फोन लावला तर तो आईनं नाही, काकांनी उचलला. अण्णा कसे आहेत म्हटलं. झोपलेत, म्हणाले.

"तू जेवलीस का? पोटभर जेव, पोरी. एक घास जास्त खा."

आणि मी जेवले. देवा, दोन डोसे खाल्ले मी, वर शिरा खाल्ला. हैदराबादला उतरले तर बाहेर काकांनी धाडलेली गाडी उभी होती. वाटेत कितीदा फोन हातात घेतला, पण लावायची हिंमत झाली नाही. काका गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी आधी माझ्या हातातली बॅग काढून घेतली. मग सांगितलं. अण्णा सकाळीच गेले होते, बंगळूरला जाणाऱ्या विमानात मी असताना.

आई पुढे कितीतरी दिवस तेच सांगायची. पहाटेपासून अण्णांचा जीव घाबरा होता, ती मला फोन लावायला उठली की ते हातानं थांबवायचे. ती डूटीवर हाय, गाडी लागू दे, म्हणायचे. दहाव्याला आलेली माणसं माझ्या ड्यूटीचं कौतुक करत होती.

एप्रिलात नवं कार्ड पोस्टानं आलं, सोनेरीच. पत्रात अभिनंदन, आणि सोबत एक पाहुणा नेता येईल हेही. तुझ्या ड्यूटीचं काही आलंय म्हणून आई ते अण्णांच्या फोटोपाशी ठेवायला निघाली. मी तिच्या हातून घेऊन पर्समध्ये टाकलं. काका तिथंच बसले होते. तुझ्या बापाला मी सांगितलं नाही तवा गाडीत चाळीस माणसं होती, म्हणाले, तुझ्या डूटीमागं तर दवाखान्यातली किती असतील, देव जाणे. मी चहा ठेवायला आत गेले. आधण उकळून उकळून आटलं तरी बाहेर येता येईना. माझ्या गाडीत कुणीच नव्हतं, काका.