गप्प बसायला शिकवणारी आत्या

शेवंताआत्या गेल्याचं सांगायला बाबा सक्करदऱ्याहून धरमपेठेपर्यंत सायकल मारत आले. मी माझ्या वाइंडिंगच्या दुकानात एका पंख्याची मोटर उघडून बसले होते. ‘बाई गेली वं,’ एवढंच ते म्हणाले आणि स्टुलावर बसून त्यांनी पाणी मागितलं. त्याला आता दीड महिना झाला. तिच्यावर लिहायला घेतलं की रडू कोसळेल असं वाटलं होतं. पण खरं सांगते, ती आठवली की मला अजूनही जागेवरून उठून पळत सुटावंसं वाटतं, रस्त्यात भेटेल त्याला थांबवून काहीतरी सांगावंसं वाटतं... असा उत्साह देऊन गेलेली बाई, आणि तिचा सारा उद्योग काय, तर गप्प बसणं!

आत्या बाबांची थोरली बहीण. ऐन विशीत नवरा गेला, तशी ती आमच्याकडे आली ती कायमची. मागची खोली तिची. तिथं ती दिवसभर बिड्या वळायची. छप्पनच्या धम्मदीक्षेला मी तिच्या कडेवर होते म्हणे. पुढं वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाली की सगळे थोडा वेळ डोळे मिटून बसत आणि मग चपला शोधत घरी जात. आत्यानं मात्र ते बसणं घरी आणलं. रोज चार वाजता बिड्यांचं सूप बाजूला सारायचं आणि दहा मिनिटं भिंतीला न टेकता बसायचं. न बोलता बसलेली बाई म्हणजे रुसलेली बाई, असा आमच्या वस्तीचा ठाम समज. सुरुवातीला तर आई दारात उभी राहून काकुळतीनं विचारायची, ‘बाई, माहं काई चुकलं काय?’

मी मॅट्रिकला फर्स्ट क्लासमध्ये पास झाले त्या वर्षीची गोष्ट. निकालाच्या संध्याकाळीच बाबांनी आपल्या अख्ख्या कापडगिरणीत सांगून टाकलं होतं की पोरगी डॉक्टर होणार. सायन्स कॉलेजचा फॉर्मही आणला. माझा त्याला विरोध नव्हता. अडचण वेगळीच होती. मला काय हवंय हेच मला ठाऊक नव्हतं, आणि फॉर्म भरायची तारीख जवळ आली होती. जगातल्या सगळ्या विषयांवर माझं तोंड चालायचं, फक्त या एका प्रश्नावर बंद. आत्यानं ते हेरलं. ‘बस वं माह्याजवळ,’ म्हणाली.

‘बसून काय करू?’

‘काईच नको करू. हात काय करून राहिले ते पाह्य फक्त.’ आणि तिनं स्वतःचे हात दाखवले. डोळे मिटलेले, मांडीवर काही नाही, तरी बोटं पान दुमडत होती, तंबाखू भरत होती, दोरा गुंडाळत होती. ‘पोटासाठी जे केलं ते माह्या हातात बसलं. तुह्या हातात अजून काई बसलं नाई. त्यायले काय पाह्यजे ते इचारून घे.’

पहिले आठ-दहा दिवस मला फक्त मच्छर चावले. पायांना मुंग्या यायच्या, शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते कळायचं, बाकी शून्य. मग एके दिवशी सहज लक्ष गेलं. माझी चिमूट जणू बारीक तार धरून गोल गोल फिरत होती, आणि मी मनातल्या मनात चक्क वेढे मोजत होते... बेचाळीस, त्रेचाळीस! शाळेतून येताना चौकातल्या वाइंडिंगवाल्याच्या दुकानाबाहेर मी रोज थांबायचे. कूलरच्या पंपात, पंख्यात तो तांब्याची तार भरायचा आणि मी तासन् तास बघत राहायचे. त्याला मी आजवर टाइमपास समजत होते! मी डोळे उघडून अशी किंचाळले की आई लाटणं घेऊन धावत आली. आत्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. ‘अजून चार मिनिटं हायेत,’ म्हणाली.

बाबा भडकले. ‘मिस्त्री होनार पोरगी? काहून? आपल्यातली एक तरी डॉक्टर झाली पाह्यजे का नाई?’ त्यात खोटं काहीच नव्हतं. पण आत्यानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. ‘नामा, दहा मिनिटं बस. मंग वरड.’

थोरल्या बहिणीपुढं त्यांचं चालत नसे. ते बसले. उठले तेव्हा चेहरा फुललेला. ‘बाई, मले दिसलं! कुसुम डॉक्टर झाली, गयात ती नळी...’

‘ते तुले दिसलं. तिले काय दिसलं ते इचारलं काय कधी?’

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला ते विचारलं. आणि मी सुटलेच! एक वेढा चुकला तर मोटर कशी जळते, अन् सगळे बरोबर बसले तर मेलेला पंखा कसा एकदम वारा घालतो, किती वेळ बोलले कोण जाणे. बाबा ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून ते पॉलिटेक्निकच्या रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं ‘मुलाचं नाव?’ विचारलं, तर म्हणाले, ‘पोरगी हाये. लिवा, कुसुम.’

आत्या गेल्यावर तिची खोली काही दिवस बंदच होती. मग बाबा रोज चार वाजता तिथं जाऊन बसू लागले. आम्हाला वाटलं, बहिणीच्या दुःखानं. मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा ते धडपडत बाहेर आले. मी धावत जाऊन त्यांना धरलं.

‘कुसुम, मले ढोलक वाजवाचा होता वं!’

वस्तीत गायनपार्टी होती तेव्हा ते तरुण होते. रोज जाऊन ढोलकवाल्याच्या शेजारी उभे राहायचे. मग गिरणीच्या पाळ्या लागल्या, आम्ही झालो... ‘कोनालेच नाई सांगितलं. मलेच मालूम नोतं!’ अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस लहान मुलासारखा रडत होता आणि हसत होता. मीही तेच करत होते. तशाच अवस्थेत आम्ही दोघांनी रिक्षा पकडली आणि इतवारीच्या बाजारातून ढोलक घेऊन आलो.

आता चार वाजले की आत्याच्या खोलीत असा काही धडाका सुरू होतो की विचारू नका. ताल नाही, ठेका नाही, आई कानावर हात ठेवून अंगणात बसते. काल मी मुद्दाम चिडवलं, ‘बाबा, आत्याची खोली आहे ही. इथं गप्प बसायचं असतं.’

हात न थांबवता ते म्हणाले, ‘बसलो होतो ना वं. म्हनून तर वाजवून राहिलो.’