अमावस्या, खोबरेल आणि एक बादली पाणी

शनिवारी माझी हेअर स्टायलिंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि नेमकी त्याच शनिवारी अमावस्या होती. ज्याने कुणी ही तारीख काढली, त्याच्या घरी भिंतीवर कॅलेंडर नसावं बहुतेक...

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या परीक्षेला मॉडेल आपली आपण आणायची असते. कोर्सभर आम्ही डमीच्या डोक्यावर हात साफ केला. डमी बिचारी काही बोलत नाही, तिला अमावस्याही नसते. परीक्षेला मात्र खरी बाई लागते, खऱ्या केसांची... आणि ती त्या केसांना कात्री लावू देणारी हवी.

पुंडलिकनगरातली आमची आख्खी गल्ली पालथी घातली. एरवी याच बायका मी जेवायला बसले की "अगं, पुढून जरा बारीक करून दे ना" म्हणत दारात उभ्या असतात. आता एकीचं डोकं दुखायला लागलं, एकीला नवऱ्याला विचारावं लागणार होतं. समोरच्या काकू तर म्हणाल्या, "अवसेला कात्री लावतं का गं कुणी? येडी झाली का तू?"

मला मात्र ही परीक्षा सोडून चालणार नव्हतं. घरच्या घरी पार्लर चालवते मी, हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. पण मिस्टरांची कंपनी बंद पडल्यापासून घरच्या पार्लरवर भागत नाही. एका मोठ्या सलूनच्या मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, सर्टिफिकेट घेऊन या, खुर्ची तुमची. पण या महिन्यापुरतंच थांबेन, पुढे नाही, असंही म्हणाल्या.

शेवटी सिल्लोडची माझी मावसबहीण पल्लवी तयार झाली. कॉलेजातली पोर, फुकटात लेअर कट मिळतोय म्हणून खूश. मावशीला पटवता पटवता माझा घसा बसला, पण तीही हो म्हणाली. मी तिला बजावून सांगितलं... केस धुतलेले पाहिजेत, कोरडे पाहिजेत, तेलाचा थेंब नको. मावशी म्हणाली, "व्हय व्हय."

शनिवारी सकाळी स्टँडवर पल्लवी एसटीतून उतरली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. घट्ट वेणी, आणि तेल असं चोपडलेलं की कपाळावर ओघळ आलेले. मी तिथूनच मावशीला फोन लावला.

"काप म्हणलं ना मी तुला? मग काप की!" मावशीच माझ्यावर चिडली. "पण अवसेला मोकळ्या, कोरड्या केसांनं तरणी पोरगी घराभाईर काढू व्हय मी? लई शहाणपणा शिकवू नको. चांगलं घाण्यावरचं खोबरेल लावलंय."

म्हणजे अमावस्येला कात्री चालली, पण कोरडे केस चालत नाहीत! मी फोन ठेवून दिला.

सेंटरवर पोचलो तर पाणी नाही. आपल्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. टँकरही आलेला नव्हता. प्रत्येकीला एक बादली, त्यातच दोनदा शॅम्पू, मग कट, मग ब्लो ड्राय... आणि वर घड्याळ लावलेलं.

पहिल्या शॅम्पूला फेसच आला नाही. तुपाच्या पातेल्यावरून घसरावं तसं पाणी घसरत होतं. दुसऱ्यांदा शॅम्पू लावला, जरा फेस धरला... आणि बादलीचा तळ दिसला. पल्लवीच्या डोक्यावर फेस, माझ्या हातात रिकामा मग. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना एकच." परीक्षक बाई तपासत तपासत दोन खुर्च्यांपलीकडे येऊन ठेपल्या होत्या.

खरं सांगते, रडू फुटायचंच बाकी होतं. मावशीचा राग, अमावस्येचा राग, नळाचा राग... सगळ्यांवर एकदम चिडले होते मी.

तेवढ्यात फरशीवरून घासत एक बादली माझ्या पायाशी आली. अर्धी भरलेली. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने पायाने सरकवली होती. दुसऱ्या बॅचची नसरीन, तोंडओळखसुद्धा नव्हती आमची. तिची खाला, म्हणजे मावशी, मॉडेल म्हणून बसली होती, डोकं ओलं, शॅम्पू एकदाच झालेला.

"लेव दीदी, जल्दी धो," एवढंच म्हणाली आणि कंगवा घेऊन आपल्या कामाला लागली. परीक्षक बाईंनी तिला विचारलंच, शॅम्पू एकदाच का? ती खाली मान घालून कंगवा फिरवत राहिली. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

माझा कट झाला, ब्लो ड्राय झाला. बाईंनी पल्लवीच्या केसांतून कंगवा फिरवला आणि पसंतीची मान डोलावली.

बाहेर गेटपाशी मी नसरीनला गाठलं. म्हटलं, अगं, तुझे मार्क गेले असतील माझ्यापायी... का दिलंस पाणी?

ती ओढणी सावरत म्हणाली, "पिछली बार मेरी मॉडेल कू उसकी दादी तेल लगाके भेजी थी, दीदी. मैं सबकू पानी मांगी, कोई नै दिया. फेल हो गई मैं."

मी तिच्या जागी असते तर माझ्या हातून बादली सुटली असती का? नाही सांगता येत. मी तिचा हात नुसता धरून ठेवला.

काल रिझल्ट लागला. आम्ही दोघीही पास. सोमवारपासून मी सलूनला जाणार आहे, आणि घरात कितीतरी दिवसांनी सगळे मोकळेपणाने जेवले.

पुढच्या बॅचच्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघी सकाळीच सेंटरवर जाऊन पाण्याचे जार ठेवून येणार आहोत. कुणाची ना कुणाची मावशी तेल लावून पाठवणारच...